टाकी केवढी घ्यायची

घर म्हटलं की धूळ आलीच, असं तिचा नवरा म्हणायचा आणि त्याचं हे वाक्य ऐकलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. ज्याच्या लेकीला धुळीने धाप लागते, त्या बापाने तरी असं बोलू नये. आठ वर्षांची पोर गेले चार महिने मावशीकडे राहत होती, तिथे दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढत होती आणि फोनवर रोज एकच विचारत होती, "आई, आपलं घर झालं का साफ?" म्हणून तर तिने सेंट्रल व्हॅक्यूमचा हट्ट धरला होता. भिंतींच्या आतून पाइप न्यायचे, प्रत्येक खोलीत भिंतीला एक तोंड ठेवायचं, त्याला नळी लावली की धूळ सरळ जिन्याखालच्या टाकीत जाणार. एकदा गेलेला कण परत घरात यायचा नाही, आणि मग पोर घरी.

पाहणीला आलेला फिटर मोजकं बोलणारा, कामात मुरलेला माणूस होता. टाकी लहान हवी की मोठी, हे त्याने दारातच विचारलं. "तिघांचं तर घर, लहान पुरे," ती म्हणाली. त्याने ते पेन्सिलीने लिहिलं, पण लगेच भिंतींना हात लावला नाही. त्याने धूळ ओढणारं एक छोटं यंत्र आणि खोलीगणिक एक अशा पारदर्शक पिशव्या दिल्या. आठवडाभर ज्या त्या खोलीची धूळ ज्या त्या पिशवीत जमवायची, आणि जिथली पिशवी जड, तिथे तोंड बसवायचं, अशी त्याची पद्धत.

"माणसं सांगतात एक आणि पिशवी सांगते दुसरंच, ताई," तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या पिशवीत बारीक कच निघाली, बैठकीच्या पिशवीत थोडे तंतू. सगळ्यात फुगली ती लेकीच्या खोलीची पिशवी. त्या खोलीतली गादी केव्हाच काढली होती, खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या होत्या, पडदासुद्धा ठेवला नव्हता, आणि तरी पाच दिवसांत पिशवी उशीएवढी झाली. आतलं राखाडी, मऊ, किंचित तेलकट काहीतरी प्लास्टिकवरूनही हाताला कोमट लागत होतं. तिने न राहवून पिशवीचं तोंड उघडलं. न धुतलेल्या अभ्र्याचा असतो तसला वास भसकन नाकात शिरला. तो वास ओळखीचा होता, आणि त्याचीच तिला जास्त शिसारी आली. तिने बेसिनपाशी जाऊन पोटातलं सगळं बाहेर काढलं.

त्या दिवसापासून तिला प्रत्येक गोष्टीची किळस येऊ लागली. साबणाला चिकटलेला नवऱ्याचा केस, त्याच्या कॉलरची काळी कड, ताटाशेजारी टेकलेला त्याचा कोपर.

"त्या खोलीत तू जातोस ना?"

"मी कशाला जाऊ? किल्ली तर तुझ्याकडेच असते."

ते खरंच होतं. तिच्याशिवाय तिथे कोणी पाऊल टाकत नव्हतं, आणि ती जात होती ती साफ करायलाच, आधी एकदा, मग सकाळ-संध्याकाळ. जितकी ती पुसत होती तितकी पिशवी भरत होती. त्याच आठवड्यात तिच्या मोबाइलने तिचा अंगठा ओळखायचं सोडलं. तिने उजेडात धरून पाहिला, तर बोटावरच्या रेषा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. अंगठी भांडी घासताना आपोआप गळून पडली. काळजीने वाळले, झालं, असं तिने स्वतःला समजावलं.

रविवारी ती नेहमीप्रमाणे लेकीला भेटून आली. सोमवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. बहीण आढेवेढे घेत होती.

"राग मानू नकोस ग. तू येऊन गेलीस ना, की तिला धाप लागते. दर वेळी. थोडे दिवस नको येऊस."

तिला इतका संताप आला की तिने फोन तसाच कापला. पोटच्या पोरीपासून तोडायला निघाली ही, असं तिच्या मनात आलं. पण पुढच्या रविवारी ती गेली नाही.

फिटर दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने पिशव्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि लेकीच्या खोलीत कोण जातं ते विचारलं. तिने सांगितलं. "मग एक आठवडा तुम्ही जाऊ नका," तो एवढंच म्हणाला. तिने किल्ली आणि यंत्र नवऱ्याच्या हवाली केलं.

आठवड्याने लेकीच्या खोलीची पिशवी कोरी होती, जशी दिली तशीच.

तिसऱ्यांदा आलेल्या फिटरने घराचा नकाशा पसरून तोंडं बसवायच्या जागी लाल ठिपके काढायला घेतले. बेसिनची डावी बाजू. आरशासमोर. पलंगाची खिडकीकडची कड, जिथे ती झोपायची. आणि ती खुर्ची, जिच्यात बसून ती लेकीला फोन करायची. नवरा नकाशा बघत होता आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता. तिने हळूच स्वतःचं मनगट नाकाशी नेलं. तोच वास होता.

एवढ्यात फोन वाजला. "आई, झालं का साफ? मी कधी येऊ?"

"होत आलंय, बाळा. आता थोडंच राहिलंय." तिने फोन ठेवला आणि पाहणीच्या कागदावर बोट टेकवलं. "टाकी लहान नको."

"मग केवढी, ताई?"

"माझं वजन सेहेचाळीस किलो उरलंय. तेवढं मावेल अशी द्या."

फिटरने वर न पाहता पेन्सिलीने आधीचं खोडून आकडा लिहिला. मग तिचं बोट टेकलं होतं तिथली राखाडी भुकटी त्याने सवयीने फुंकून टाकली आणि पुढची ओळ लिहायला घेतली.