त्या खोलीतला चेहरा

…अर्ध्याहून थोडं कमी, पाण्याचा पेला ती एवढाच भरते. पेला काठोकाठ भरला की थरथरत्या हातातून पाणी मांडीवर सांडतं, आणि मग माणूस ऐकलेलं सगळं बाजूला ठेवून ओल्या कपड्यांचीच माफी मागत बसतो – हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, या खोलीनेच शिकवलं. अतिदक्षता विभागाला लागून असलेली ही खोली, एक बाक, दोन खुर्च्या, कधीच पूर्ण न सरकणारा पडदा. इथे डॉक्टर नातेवाइकांना माणूस गेल्याचं सांगतात. सांगून झालं की जातात, जावंच लागतं त्यांना, आत दुसरं कुणीतरी वाट बघत असतंच – आणि मग ती उरते. हुद्दा परिचारिकेचा, पण काम म्हणाल तर हेच, उरण्याचं.

आज एक म्हातारे गृहस्थ होते. मुलगा गेला. डॉक्टरांचं बोलणं संपलं तरी ते मान हलवत राहिले, जणू आता एक ‘पण’ येईल आणि त्याच्या मागून सगळं पूर्ववत होईल… ‘पण’ आला नाही. तेव्हा त्यांनी वर पाहिलं ते तिच्याकडे. सगळे तिच्याकडेच पाहतात. तिने खुर्ची जवळ ओढली.

“सकाळी काही घेतलं होतं का हो त्याने?”

“दोन घोट चहा घेतला, काका.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा विस्कटला.

आता हे काकाही येणार. घरी, दिवा मालवला की तिची माणसं येतात – भाऊ गेल्याचं ऐकून हसत सुटलेली ती थोरली बहीण, भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिलेला तो शिक्षक, आणि नवरा गेल्याचं कळल्यावर “त्यांच्या चपला कुठे ठेवल्यात?” एवढंच विचारणारी ती बाई, जी अजूनही हातात चपलांचा जोड घेऊनच येते. कुणी काही मागत नाही. पलंगाच्या कडेला बसतात आणि पाहतात.

दुपारी मुख्य परिचारिकेने बोलावलं. त्यांना सगळ्या थोरल्या बाई म्हणायच्या.

“आरशात बघतेस का कधी? झपाटल्यासारखी दिसतेस.”

“भुतं बरी हो बाई. रजा मागत नाहीत, वेळेवर येतात.”

थोरल्या बाई हसल्या नाहीत. “लसीकरणाच्या खोलीत जागा झालीय. पोरं रडतील, पण सुईपुरतं. उद्या सकाळी सांग मला. आणि तुझ्यावाचून इथलं अडेल असलं काही बोलू नकोस. माझ्यावाचूनही अडणार नाही.”

तिथे रडणं सुईपुरतं… हे शब्द तिने संध्याकाळपर्यंत जिभेखाली गोळीसारखे धरून ठेवले. सुटायचं होतं तिला. फक्त सुटले असं मनाने म्हणायला हवं होतं.

लेकीच्या सदऱ्याला बटणं हवी होती म्हणून नेहमीच्या वाटेवरून न जाता ती एका नव्या दुकानात शिरली. सुई-दोरा, लेस, काचेच्या बरण्यांत रंगवार बटणं. दुकानवाली चष्मा केसांत खोवून एका गिऱ्हाइकाची थट्टा करत होती – “मावशी, या बटणाला शोभेल असा कोट आधी आणा.” गिऱ्हाईक हसत गेलं. दुकानवाली वळली, आणि तिच्या हातातली बरणी तशीच थांबली.

चपलांची बाई. जरा भरलेली, गालांवर रंग आलेली. आणि तो रंग आता समोर उभ्या उभ्या उतरत होता.

“ओळखलं मी, ताई.” मग मागितलेली बटणं मोजता मोजता दुकानवाली म्हणाली, “एक सांगू? राग नका मानू.”

“सांगा ना.”

“तुम्ही येता हो माझ्याकडे. घरी. सगळं उरकून मी जरा टेकले की दाराशी उभ्या असता. बोलत नाही काही. नुसत्या बघता.” तिने बटणं कागदात बांधली, गाठ पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. “त्या दिवशी तुम्ही धरलंत म्हणून पडले नाही मी. हे खरंच. पण त्या घटकेला तुमचंच तोंड आहे, त्याला मी काय करू… तुम्ही चांगल्या आहात, ताई. पण इकडे नका येत जाऊ.”

ती बाहेर पडली तेव्हा दिवे लागले होते. मजल्यामजल्यावर खिडक्या, आत ताटं मांडणारे हात. आणि मला वाटत होतं, ती मनाशी म्हणाली, ती सगळी माझ्याकडे येतात. मी कुठे कुठे जात असेन… त्या शिक्षकाच्या घरी, त्या बहिणीच्या घरी. आज आता, या क्षणी, काका कुलूप उघडत असतील आणि त्यांच्या आधीच मी आत जाऊन उभी असेन.

“आई, दाराशी काय उभी आहेस अशी? आत ये ना,” लेक म्हणाली.

ती आत आली. तोंड धुतलं, देवापुढे हात जोडले. रोज ती एकच मागायची: मला यांना विसरू दे. आज ते शब्द ओठांवर आले आणि लाजून मागे फिरले. मग म्हणाली, यांना मला विसरू दे. तेही पूर्ण झालं नाही. मला विसरताना त्या घटकेत त्यांना धरणारा हातही विसरायला लागला तर… देवा, तूच काय ते निवड.

उद्या थोरल्या बाईंना हो म्हणता येईल. मी जाईन लसीकरणाच्या खोलीत, पोरांना खुळखुळा दाखवीन. पण ती दुसरी, घराघरांच्या दाराशी उभी असलेली – तिची बदली कोण करणार? तिला कामावरून घरी जा असं कुणी सांगत नाही. इतक्या घरांतून ती उभी आहे, आणि एकाही घरात तिला कुणी बसा म्हणालेलं नाही.

हात जोडलेलेच राहिले. आता तिला दाराशी उभ्या त्या बाईची भीती वाटली नाही. नुसती तिच्या दुखणाऱ्या पायांची आठवण येत राहिली.