शेवटच्या वेढ्यातले चित्र

कृपादान मास्तर आणि त्यांची थोरली बहीण मेरीआक्का यांच्यात एक वाद होता. तो मिटावा असे दोघांनाही वाटे. परंतु तो मिटण्यासाठी दोघांपैकी एकाने मरणाला टेकणे आवश्यक होते.

वाद एका चित्राविषयी होता. त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि सोनईच्या आसपासच्या वस्त्यांवर फिरून ख्रिस्ती कीर्तन करीत. ऐकणाऱ्यांना अक्षरओळख नसे, म्हणून त्यांनी मांजरपाटाच्या लांब पट्टीवर स्वतःच्या हाताने चित्रे काढली आणि पट्टीची दोन टोके दोन बांबूंना शिवून टाकली. एका बांबूवरून चित्र सुटे, त्याचे पद गाऊन होईपर्यंत श्रोत्यांसमोर राही आणि मग दुसऱ्या बांबूवर गुंडाळले जाई. पद सुरू झाल्याखेरीज पुढचे चित्र कोणालाही दिसत नसे. कापड विरविरीत असल्यामुळे त्याला मागून जुने कागद खळीने चिकटवले होते. हे कागद म्हणजे गावोगावच्या मंडळींनी मिशनच्या कचेरीला लिहिलेली आणि कचेरीने रद्दीत टाकलेली पत्रे होती.

बारा चित्रे कीर्तनात उलगडत. तेरावे उलगडत नसे. आजोबांनी नेमच घालून दिला होता, की गुंडाळीच्या शेवटच्या वेढ्यातले चित्र घरातले माणूस जायला निघाले म्हणजेच उघडायचे आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरायचे. इतरांनी पाहायचे ते त्या माणसाच्या निमित्ताने. त्यामुळे मास्तरांनी आणि आक्काने ते दोनदाच पाहिले होते, एकदा आई जाताना आणि एकदा वडील जाताना. दोन्ही वेळा खोलीत गर्दी होती आणि डोळ्यांत पाणी.

चुना दिलेली भिंत, तीत एक दार, दारात लुगडे नेसलेली एक बाई. स्वर्गाच्या दाराशी येणाऱ्या माणसाकडे ती पाहत होती आणि तिचा उजवा हात पुढे आलेला होता. येथवर भावंडांचे एकमत होते. त्या हातात दिवा होता, असे मास्तर म्हणत. आक्का म्हणे, तांब्या.

मास्तरांनी चाळीस वर्षे मुलांना मराठी शिकवली होती आणि कोणतेही विधान पुराव्यावाचून करायचे नाही, ही त्यांची शिस्त होती. बाईच्या गालावर पिवळा रंग आहे, तो दिव्याच्या उजेडाखेरीज येणार नाही, असे ते दाखवून देत. बायबलातल्या दहा कुमारींच्या हातांतल्या दिव्यांचाही ते दाखला देत. आक्का शाळेत फारशी गेली नव्हती. ती नेवाशाच्या सासरहून विधवा होऊन माहेरी परतली आणि भावाच्या संसारात राहिली. तिचा पुरावा वेगळा होता.

"दारात आलेल्याला आधी पानी देत्यात, कृपा," ती म्हणे. "दिवा कशाला दावील ती? तिथं रात न्हाई, आसं तूच वाचून दावतोस की."

स्वर्गात रात्र नसेल, हे प्रकटीकरणाच्या पुस्तकातले वचन मास्तरांनी खरोखरच तिला कित्येकदा वाचून दाखवले होते. गावातल्या कोणत्याही वादात न अडणारे मास्तर या ठिकाणी अडत, आणि आक्का भाकरी थापता थापता सुनेकडे पाहून डोळे मिचकावी. "मी आधी जानार. मी बघीन आन तुला सांगीन. तवा तरी गप बस."

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून वृषाली मॅडम आल्या. जिल्ह्यातली जुनी पत्रे आणि चित्रे संगणकात उतरवून कायमची जतन करण्याचे काम ग्रंथालयाने हाती घेतले होते आणि त्यासाठी नगरला सावेडीत एक बंगला भाड्याने घेतला होता. गुंडाळीची पाठ पाहताच त्या जमिनीवर बसल्या आणि ती अक्षरे नाकाशी नेऊन वाचू लागल्या. अशा माणसांची पत्रे कोठेच उरलेली नाहीत, असे त्या पुनःपुन्हा म्हणाल्या.

त्यांनी गुंडाळी नगरला न्यायला मागितली. देऊ नको, असे आक्काचे म्हणणे पडले. आपल्या घरात सडेल तर सडू दे, पण ती आपल्या हाताखाली सडेल. मास्तरांनी तिला कापडाला लागलेली कसर दाखवली. खळीच्या वासाने किडे आत शिरले होते आणि सहाव्या चित्रातल्या मेंढपाळाचा पाय त्यांनी खाल्ला होता. घरात ठेवणे म्हणजे किड्यांना देणे, आणि ग्रंथालयाला देणे म्हणजे नातवंडांसाठी ठेवणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोन दिवसांनी आक्का गप्प झाली. तिला ते पटले, असे मास्तरांना वाटले.

त्यांनी वृषाली मॅडमना एकच अट घातली: शेवटचा वेढा फितीने बांधलेला आहे, त्यातले चित्र कोणी पाहायचे नाही. त्यामागचा नेमही त्यांनी समजावून सांगितला. मॅडमनी तो आदराने ऐकला आणि कापणीच्या सणापूर्वी गुंडाळी परत करण्याचे कबूल केले.

पावसाळ्यात आक्काच्या पोटात दुखू लागले. नगरच्या डॉक्टरांनी तपासून तिला घरी न्यायला सांगितले, आणि त्या सांगण्याचा अर्थ तिला विचारावा लागला नाही. भाद्रपद संपता संपता ती पाण्याखेरीज काही घेईनाशी झाली. एका सकाळी तिने मास्तरांना जवळ बोलावले आणि गुंडाळी आणायला सांगितली. "आता आन. वाद मिटवून टाकू," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी तिच्या तोंडावर हसू दिसले.

मास्तर मिळेल त्या गाडीने नगरला गेले आणि रिक्षा करून सावेडीला पोहोचले. बंगल्याच्या दाराशी चपला काढाव्या लागत. आतल्या खोलीत खिडक्यांना जाड पडदे होते आणि संगणकावर क्रोशाचे झाकण होते. मास्तरांना पाहून वृषाली मॅडम उठून उभ्या राहिल्या. परंतु गुंडाळी आणण्याऐवजी त्यांनी संगणकाच्या पडद्यावर पत्रे दाखवायला सुरुवात केली. जामखेडच्या बाजूच्या कोणा कचरूने विहिरीसाठी दोर मागितला होता. एकाने शाळेच्या फळ्याला रंग मागितला होता, एकाने घोंगडी. अक्षरे इतकी स्वच्छ दिसत होती की बोरूच्या फाकलेल्या टोकाचे फराटेही मोजता आले असते. मास्तरांनी पत्रे चांगली उतरल्याचे सांगितले आणि आक्काची अवस्था सांगून गुंडाळी मागितली.

मॅडमनी पडद्यावरचे पत्र बंद केले.

"मास्तर, तुमची अट आम्ही पाळली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी झाले ते सांगितले आणि त्यात काही लपवले नाही. पत्रे सोडवण्यासाठी खळ भिजवणे भाग होते. रंग पाण्याला टिकतो की नाही, याची परीक्षा त्यांनी पहिल्या चित्राच्या कोपऱ्यावर घेतली. रंग टिकला. तो टिकला याचे कारण नंतर कळले: वारंवार हाताळल्या जाणाऱ्या बारा चित्रांवर आजोबांनी रोगण चढवले होते. तेराव्याला त्यांनी ते दिलेच नव्हते. जे उघडायचेच नाही त्याला रोगण कशाला? तेथे नुसता डिंकात कालवलेला रंग होता. इतर चित्रे भिजवण्यापूर्वी समोरून स्कॅन झाली होती. तेरावे पाहायचे नाही म्हणून ते फीत सोडून तसेच पालथे ठेवले गेले, त्याची केवळ पाठ संगणकात घेतली गेली आणि तसेच पालथे असताना ते भिजवले गेले. खालच्या टीपकागदाने सगळा रंग पिऊन टाकला. ते कागद ओले होते. झाडणाऱ्या बाईने ते बाहेर टाकले.

मास्तरांनी कापड पाहायला मागितले. चुन्याच्या भिंतीच्या जागी पांढुरके कापड होते, दाराच्या जागी तपकिरी छटा. जेथे बाई उभी होती तेथे तिच्या लुगड्याचा एक काठ दिसत होता, आणि हाताच्या पुढे बोटाएवढा पिवळट डाग. त्यांनी कापड खिडकीशी नेऊन तो पाहिला, पडदा सारून पुन्हा पाहिला. तो ज्योत असू शकत होता. तो पितळेवरची चमकही असू शकत होता.

दोष कोणाचा, हे ठरवण्याची त्यांना सवय होती, आणि त्या खोलीत उभे राहून त्यांनी तो ठरवण्याचा प्रयत्न केला. परीक्षा घेतली गेली होती. अट पाळली गेली होती. मॅडमनी कबूल केलेले एकही वचन मोडले नव्हते. एखादे मोडले असते, कोणी चोरून पाहिले असते, तर ते चित्र आज त्या पडद्यावर असते. युक्तिवाद जेथून सुरू करावा तेथून तो फिरून त्यांच्याच अटीपाशी येत होता.

वृषाली मॅडमना रडू आवरत नव्हते. अखेर त्यांनी डोळे पुसले आणि संगणकात त्या चित्राची जागा रिकामी असल्याचे सांगितले. ज्यांनी ते जवळून पाहिले आहे अशी दोनच माणसे उरली आहेत. मास्तरांनी वर्णन सांगितले तर निदान तेवढे तरी राहील. मास्तर सांगू लागले. भिंत, दार, लुगडे, पुढे आलेला उजवा हात. मॅडमची बोटे कळांवर चालत होती.

"आणि हातात काय होतं?" त्यांनी विचारले.

एका शब्दाचे काम होते. तो शब्द तेथे कायमचा राहिला असता आणि त्याला कोणीही हरकत घेतली नसती.

"ते लिहू नका," मास्तर म्हणाले.

फीत पुन्हा बांधून गुंडाळी घेऊन ते घरी आले तेव्हा दुपार कलली होती. सून क्रिस्टीना आक्काच्या पायथ्याशी बसून तिचे पाय चेपीत होती. बांबूंचा आवाज ऐकताच आक्काने मान वळवली आणि सुनेला आपल्याला उठवून बसवायला सांगितले. तिला उशीला टेकवून बसवण्यात आले. तिने पदर डोक्यावरून घेतला, केस मागे सारले. आई आणि वडील, दोघेही शेवटी असेच नीटनेटके होऊन बसले होते.

मास्तर बांबू उभा धरून तिच्यासमोर बसले. वाटेत, बसमध्ये, त्यांनी ठरवून ठेवले होते ते त्यांनी फीत न सोडताच सांगितले.

"आक्का, मी तिकडं पाहून आलो. तांब्याच आहे. तुझंच खरं होतं."

हे वाक्य ऐकण्यासाठी आक्का इतकी वर्षे थांबली होती. ते ऐकून तिच्या तोंडावरचे हसू हळूहळू गेले.

"तू पाह्यलंस? मी हितं जित्ती आस्ताना?"

मास्तरांनी फितीची गाठ चाचपली.

"आन तू हारलास," ती म्हणाली. "तू आसा हारायचा न्हाईस, कृपा. गेलं व्हय ते?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. क्रिस्टीनाचे हात थांबले. आक्काने गुंडाळी उघडायला सांगितली नाही, की चित्र कसे गेले हेही विचारले नाही. मी देऊ नको म्हणत होते, असे ती म्हणाली असती तर मास्तरांना बरे वाटले असते. तिने समोरच्या भिंतीकडे मान वळवली.

"मंग मी दारातल्या बाईला वळखू कशी?" तिने विचारले, आणि उशीवरून घसरत आडवी झाली.

त्यानंतर ती त्याविषयी बोलली नाही. पाळक येऊन प्रार्थना करून गेले. आक्काने आमेन म्हटले नाही. नातलग येऊन बसले आणि कोपऱ्यातल्या गुंडाळीकडे पाहू लागले. ती अजून का उघडली नाही, असे काहींनी क्रिस्टीनाला विचारले. मास्तरांनी ती उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली.

शेवटच्या दिवशी भर दुपारी आक्काचे ओठ कोरडे पडले. मास्तरांनी सुनेला बाजूला केले, स्वतः माठातून तांब्या भरला आणि उजव्या हाताने तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. तिची नजर तांब्यावर नव्हती, मास्तरांवरही नव्हती.

"अंधार का केला?" ती पुटपुटली. "दिवा लाव की."

दारातून आलेले ऊन तिच्या पांघरुणावर पडले होते. मास्तर उठले, फळीवरचा कंदील त्यांनी काढला, काच पुसली, वात वर केली आणि तो पेटवून तिच्या चेहऱ्याजवळ आणला. तिच्या गालावर पिवळा उजेड पडला.

"लावला का?" आक्काने विचारले.