डबी छातीच्या रेषेत

“नीलम, माझी वेळ आली की मले सांगजो. लपवू नको. अन् आली नसंल तर घाई बी करू नको.”

धापूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या वाशिमजवळच्या मालेगावच्या घरी, ओसरीवर बसून तुरीच्या डाळीतले किडे अलगद वेगळे काढत होत्या. आवाज असा, की जणू उद्याचं दळण टाकायला सांगताहेत. नीलम त्यांची सून. ती “हो बाई” म्हणाली आणि सूप पुढे सरकवलं. घरात सगळे त्यांना बाईच म्हणत.

वेळ म्हणजे कोणती, हे सांगायची गरज नव्हती. अंत जवळ आला हे नक्की झालं, की माणसानं शुद्धीत असतानाच सगळ्यांची क्षमा मागायची, अन्नपाणी सोडायचं आणि शांतपणे देह ठेवायचा. हा जैनांचा संथारा. बाईंनी मनात तो केव्हाच धरून ठेवला होता. पण त्यासाठी अंत खरा हवा. बरं होऊ शकणाऱ्या माणसानं तो घेऊ नये, हेही त्याच सांगायच्या.

आता बाई वाशिमच्या एका खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात होत्या. लघवीचा जंतुसंसर्ग रक्तात उतरला, रक्तदाब ढासळला आणि मुलगा अंकित, नीलमचा नवरा, त्यांना गाडीत घालून घेऊन आला. मनगटातल्या धमनीत डॉक्टरांनी एक बारीक नळी बसवली. तिच्यापासून पाण्यानं भरलेली लांब नळी निघे ती सलाइनच्या स्टँडला पकडीनं अडकवलेल्या एका छोट्या डबीपर्यंत. डबी रक्ताचा दाब ओळखी आणि पडद्यावर लाल लाट उठे. लाटेशेजारी सरासरी दाबाचा आकडा. तो सत्तरच्या वर राहिला की बरं, असं संगीता सिस्टरनं सांगून ठेवलं होतं. दाब टिकवायचं औषध एका पंपातून थेंबाथेंबानं जात होतं.

नीलमनं दोन दिवस त्या आकड्याकडे पाहतच नवकार मंत्र म्हटला होता. आकडा चढला की मनातल्या मनात हात जोडायची. औषधाला, पंपाला, त्या डबीलासुद्धा.

“ताई, पडद्याकडं नका पाहू सारखं,” संगीता म्हणे. ती इंझोरीची, बोलायला फटकळ आणि हाताला हलकी. “बाईकडं पाहा. पडद्याले काय, तो वायर हलली तरी रडते.”

त्या दुपारी बाई जाग्या होत्या, पण चैन नव्हतं. मान इकडून तिकडे. ओठ हलत होते. नीलमनं कान जवळ नेला.

“खाली,” बाई म्हणाल्या. “खाली घे.”

नीलमला लगेच कळलं. बाईंचं व्रत होतं, उंच पलंगावर निजायचं नाही. घरी त्या जमिनीवर चटई टाकून झोपत. इथं आणल्यापासून शुद्ध नव्हती तोवर ठीक, पण आता डोळे उघडले आणि आपण कमरेएवढ्या उंच कॉटवर आहोत हे त्यांना जाणवलं असणार. जमिनीवर तर घेता येणार नाही. पण कॉटला पायाशी दांडा होता, फिरवला की कॉट खालीवर होई. संगीता कोपऱ्यातल्या पेशंटला इंजेक्शन देत होती. तिला एवढ्याशासाठी कशाला त्रास द्यायचा, म्हणून नीलमनं वॉर्डातल्या मावशींना खूण केली. दोघींनी मिळून दांडा फिरवला. कॉट हळूहळू खाली गेली, जाईल तेवढी.

नीलम सगळा वेळ बाईंचा चेहरा पाहत होती. कपाळावरच्या आठ्या गेल्या. मान स्थिर झाली. डोळे मिटले गेले.

आणि पडदा ओरडू लागला.

संगीता धावत आली. आकडा पन्नाशीत आला होता. तिनं खाली ओपीडीत बसलेल्या डॉक्टर विनोदना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून पंपाचं औषध थोडं वाढवलं. आकडा जरा हलला, पण साठीला काही पोचेना.

नीलमनं बाईंकडे पाहिलं. किती शांत चेहरा. इतकी शांती तिनं त्या चेहऱ्यावर आजारपणात एकदाही पाहिली नव्हती. ही तीच शांती, तिला वाटलं. माणूस निघायच्या आधी येते ती.

अंकित दाराशी आला. त्यानं पडदा पाहिला, आईला पाहिलं.

“काय म्हणून राह्यले डॉक्टर?”

“येताहेत. पण…” तिनं पडद्यावरच्या आकड्याकडे बोट केलं.

“महासतीजींना आणू का? सूर्य मावळला की त्या जैन स्थानकातून निघायच्या नाहीत. नंतर उद्याच.”

नीलमनं खिडकीकडे पाहिलं. ऊन भिंतीवर तिरपं झालं होतं. महासतीजी म्हणजे साध्वी; संथाऱ्याचं व्रत द्यायला त्या पायीच येणार, तेही उजेड असेतोवर. आज नाही सांगितलं आणि बाई गेल्या, तर दिलेला शब्द मोडला. आणि आज सांगितलं, अन् वेळ आलेली नसली तर?

“आणा,” ती म्हणाली. “येऊ द्या त्यांना. मी तोवर बाईंना काही सांगत नाही.”

अंकित गेला. ती कॉटशेजारी खाली बसली, आता बसूनच बाईंच्या तोंडापर्यंत पोचता येत होतं. बाईंनी डोळे उघडले.

“वेळ आली का व?” त्यांनी विचारलं.

आजूबाजूची धावपळ त्यांनाही कळली होती. नीलमच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. समोर पडदाच तसं सांगत होता. पण बाईंचा हात तिच्या हातात होता, आणि तो हात ऊबदार होता.

“डॉक्टरांना विचारते, बाई.”

डॉक्टर विनोद आले ते धापा टाकत. तरुण माणूस, चष्मा घामानं घसरलेला. त्यांनी पडदा पाहिला आणि मग पडद्याकडे पाठ केली. बाईंच्या मनगटावर बोटं ठेवली. पायाचे तळवे चाचपले. लघवीची पिशवी उचलून पाहिली.

“बाई, नाव सांगा बरं.”

“धापू,” बाई म्हणाल्या. “किती डाव इचारता?”

डॉक्टर हसले. “संगीता, हे जमत नाही. दाब पन्नाशीत असलेला माणूस मला टोमणे मारणार नाही. दुसऱ्या दंडाला पट्टा बांध.”

पट्टा फुगला, सुटला. त्याच्या यंत्रावर आलेला आकडा ऐंशीच्या वर होता.

“दोघांतला एक खोटं बोलतोय,” डॉक्टर म्हणाले. “पट्टा सहसा इतकं खोटं बोलत नाही.”

मग ते नळीच्या मागे लागले. बोटानं टिचक्या मारत ती मनगटापासून पाहत गेले. नीलमला काय वाटलं कोण जाणे, तिनं विचारलं, “काय शोधताय, डॉक्टरसाहेब?”

“बुडबुडा. हवेचा बारीक बुडबुडा नळीत असला ना, तर लाट बुटकी होते. नळी कुठं दुमडली, टोकाला गुठळी धरली, तरी तसंच. पण ही लाट बघा, कशी टोकदार आहे. म्हणजे नळी साफ.” त्यांनी डबीवरची तोटी फिरवली. पडद्यावरची लाट सपाट होऊन तळाला गेली. “हवेला उघडी केली की शून्य यायला पाहिजे. आलं. म्हणजे यंत्रही घसरलेलं नाही.”

“मंग राह्यलं काय?” संगीता म्हणाली.

डॉक्टर वाकले. एक डोळा मिटून त्यांनी डबीकडून बाईंच्या छातीकडे पाहिलं, भिंतीला ओळंबा लावताना गवंडी पाहतो तसं. डबी छातीपेक्षा दीड वीत वर लटकत होती.

“कॉट कोणी खाली केली?”

मावशी फडकं घेऊन खिडकी पुसायला लागल्या.

“मी,” नीलम म्हणाली. “बाईंचं व्रत आहे. उंच पलंगावर झोपायचं नाही. त्या मागत होत्या. मला वाटलं…” तिनं बाईंकडे पाहिलं. “माझ्यामुळे झालं का हे? त्यांना काही…?”

“त्यांना काही नाही. डबीला झालं. ताई, तुमच्या घरी पाण्याची टाकी गच्चीवर का ठेवतात? उंचीचा जोर मिळतो म्हणून. ही नळी पाण्यानं भरलेली. डबी छातीच्या रेषेत असली की फक्त हृदयाचा जोर दिसतो. बाई खाली गेल्या, डबी स्टँडवर वरच राहिली. तेवढ्या उंचीचं पाणी आकड्यातून वजा झालं. त्यांचा दाब पडलाच नाही.”

नीलमनं बाईंचा हात पुन्हा हातात घेतला.

“उलटं झालं असतं तर जास्त वाईट,” डॉक्टर संगीताकडे वळून म्हणाले. “कॉट वर, डबी खाली. आकडा छान दिसला असता आणि आपण औषध कमी करत बसलो असतो.”

“कॉट वर घेऊ का मंग?” संगीतानं दांड्याला हात घातला.

नको म्हणायचा आपल्याला काय अधिकार, असं नीलमला वाटलं. पण डॉक्टरांनी बाईंच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं.

“राहू दे खाली. बाईंना तिथंच बरं वाटतंय. डबी खाली घे.”

संगीतानं पकड सैल केली, डबी सरकवत सरकवत बाईंच्या छातीच्या मध्यावर आणली आणि आवळली. शून्य पुन्हा तपासलं. लाल लाट उठली. आकडा ऐंशीच्या वर. डॉक्टरांनी पंपाचं वाढवलेलं औषध कमी केलं, थांबले, पाहिलं, आणि मग चष्मा पुसला.

नीलम बाईंच्या कानाशी वाकली.

“वेळ नाही आली, बाई. मी विचारलं.”

“मंग पाणी दे,” बाई म्हणाल्या. “सूर्य हाये का अजून?”

होता. तिनं चमच्यानं पाणी पाजलं. रात्रीपुरता अन्नपाण्याचा त्याग बाईंनी स्वतःच पुटपुटत घेतला, रोज घेतात तसा.

महासतीजी आल्या तेव्हा दारात थोडंसं ऊन उरलं होतं. अंकित त्यांच्या मागे, तोंड उतरलेलं. नीलमनं वंदना करून सगळं सांगितलं. साध्वींनी ऐकून घेतलं, बाईंना मांगलिकाचा पाठ ऐकवला आणि जाताना इतकंच म्हणाल्या, “डॉक्टरांना विचारल्याशिवाय सांगितलं नाहीस, ते बरं केलंस.”

अंकित भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. नीलमला रडू आलं नाही. तिला सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. डॉक्टरांच्या, संगीताच्या, त्या गुपचूप खिडकी पुसणाऱ्या मावशींच्याही.

“सिस्टर, तुमच्यासाठी काय करू मी?”

“पेढे नका आणू, वजन वाढून राह्यलं माझं,” संगीता म्हणाली. मग पंपाकडे पाहत जरा हळू बोलली. “येक करा. नवीन पेशंट आला का त्याच्या माणसाले सांगजा, कॉट हलवाची तर पयले आमाले हाक मारा. चूक माझी बी हाय, तुमाले सांगाले पाह्यजे होतं. पण आमचं लोकं ऐकत नाहीत. वाटते, सिस्टरची कटकट. तुमचं ऐकतील.”

“सांगेन,” नीलम म्हणाली. “इथं आहोत तोवर प्रत्येकाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पंपाचं औषध आणखी उतरलं. बाईंनी नवकारशी पाळून, म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटका थांबून, मुगाचं पाणी घेतलं आणि मीठ कमी असल्याची तक्रार केली. अंकित म्हणाला, “आता माझी आई परत आली.”

पलीकडच्या कॉटवर मेडशीचे फुलसिंग नावाचे गृहस्थ आणले होते. मनगटात तशीच नळी, स्टँडला तशीच डबी. त्यांची बायको नानीबाई उशाशी उभी होती, हातातली बांगडी फिरवत. नवऱ्याला खोकला आला तसं तिनं इकडेतिकडे पाहिलं. कोणी रिकामं दिसेना. ती कॉटच्या पायाशी गेली आणि दांडा कसा फिरतो ते वाकून पाहू लागली.

नीलमनं बाईंच्या अंगावरची चादर सारखी केली, पदर खोचला आणि आवाज न करता पलीकडे निघाली.