पास झालेला पीस

मत्सर चोरासारखा घरात शिरत नाही, पाहुण्यासारखा येतो. आपणच त्याला बसायला खुर्ची देतो, पाणी विचारतो, आणि मग तो उठायचं नाव काढत नाही. थोरल्या जावेच्या मनात तो येऊन बसला तो एका सूपच्या वाटीवरून.

झालं असं, की धाकट्या जावेने दवाखान्यात गर्भाशयाच्या तोंडाची नेहमीची तपासणी करून घेतली आणि रिपोर्टात आलं, काही पेशी वेगळ्या दिसतात, पुढची तपासणी करा. एवढं निमित्त झालं आणि घराने जणू कूसच बदलली. ज्या सासूबाई उन्हात वाळत घातलेली चादर पावसात भिजली तरी जागच्या हलायच्या नाहीत, त्या गॅसपाशी उभं राहून धाकटीसाठी सूप ढवळायला लागल्या. धाकटा दीर तिच्या हातातली बादली काढून घ्यायला लागला. इतकंच काय, थोरलीचा स्वतःचा नवरा कामावरून आला की बूट काढता काढता विचारायचा, "ती जेवली का गं?"

"कोण ती?" थोरली मुद्दाम विचारायची.

"अगं, धाकटी."

"जेवली. मीही जेवले, कोणी विचारलं नाही तरी."

थोरलीची तीच तपासणी गेल्या वर्षी झाली होती. रिपोर्ट स्वच्छ. तो तिने किती हौसेने आणून टेबलावर ठेवला होता! सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं, "काही नाही ना? मग झालं," म्हणाल्या, आणि त्याच कागदावर भाजी निवडायला बसल्या. तो कागद देठांसकट कचऱ्यात गेला. ते देठ आता इतक्या दिवसांनी तिच्या घशात टोचत होते.

थोरली तयार कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर होती. डोक्यावर पांढरी ट्यूब, समोर शर्टांचा ढीग. कॉलर, बाह्या, काखेची शिवण, काजं, बटणं, सगळ्यावरून नजर आणि बोटं फिरवायची. दोष दिसला की त्या जागी लाल बाणाचं छोटं स्टिकर चिकटवायचं आणि तो पीस, म्हणजे तो शर्ट, परत पाठवायचा. घाईत हाताशी असावीत म्हणून दोन-चार बाण ती आपल्याच बाहीवर लावून ठेवायची आणि पुष्कळदा तशीच घरी यायची.

बाणाचं नशीब तिला चांगलं ठाऊक होतं. बाण लागलेला पीस चार जण हातात घेतात, उजेडात धरतात, उलटासुलटा करतात, आणि अर्ध्या वेळा तिथे निघतो नुसता कापसाचा तंतू. फुंकर मारली की गेला. पास झालेल्या पीसकडे मात्र पुन्हा कोणी ढुंकून बघत नाही. घडी, पिशवी, खोका.

धाकटीचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात तिने पास केलेला एक शर्ट परत आला. काखेतली शिवण उसवलेली.

"तुमच्या हातून?" सुपरवायझरला खरंच नवल वाटलं.

"माझ्याच हातून. मी बघितला तेव्हा टाके धरून होते," ती म्हणाली. "किंवा मला दिसलं नसेल. रोज एवढे शर्ट डोळ्यांखालून जातात. डोळे आहेत, देव नाही."

शर्टाबद्दल इतकं शहाणपण, पण स्वतःच्या बाबतीत? पाळी थांबून तिला बराच काळ लोटला होता, आणि गेल्या आठ-दहा दिवसांपासून पुन्हा डाग दिसायला लागले होते. पहिल्यांदा दिसले तेव्हा तिने कपडा उजेडात धरून पाहिला. दुसऱ्या क्षणी तिने स्वतःलाच दटावलं, माझा रिपोर्ट स्वच्छ आहे. आणि तिसरा विचार आला तो त्या पाहुण्याचा, खुर्चीवर पाय पसरून बसलेल्या. आता बोललीस तर काय म्हणतील? धाकटीचं कौतुक बघवेना, म्हणून हिलाही काहीतरी झालं! ती आपले कपडे सगळ्यांच्या आधी उठून, वेगळे भिजवून धुवायला लागली. एकदा तर धाकटीला उशी देताना तिच्या मनात आलं, हिच्याऐवजी तो रिपोर्ट माझा का आला नाही? मग तिची तिलाच लाज वाटली. देवा, काय हे मागणं, म्हणत तिने उशी जरा जास्तच थोपटली.

पुढच्या तपासणीच्या दिवशी सासूबाईंनी फर्मान काढलं, "थोरले, तू जा हिच्याबरोबर. हिला एकटं वाटायला नको."

"नाही, मी आहेच सगळ्यांचं एकटेपण सांभाळायला," थोरली पुटपुटली आणि पर्स उचलली.

डॉक्टरीणबाई वयस्कर, हसऱ्या. धाकटीला आत नेऊन त्यांनी मोठ्या भिंगातून नीट पाहिलं आणि दोघींना समोर बसवलं.

"घाबरण्यासारखं काहीही दिसत नाही. थोडी सूज आहे, तिनेही पेशी अशा दिसतात. औषध देते, पुढच्या वर्षी पुन्हा या."

धाकटीला रडूच फुटलं. "मग त्या रिपोर्टात तसं का आलं हो?"

"ती तपासणी म्हणजे निकाल नव्हे, बाई. इथे पुन्हा बघा, एवढंच ती सांगते. बोलावलेल्या बहुतेक जणींना काही नसतं. तरी बोलवावं लागतं."

थोरलीने धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. सुटली बिचारी, असं खरंच वाटलं तिला. पण लगेच आतून कोणीतरी चिमटा काढलाच, आता सुटल्याचं कौतुक सुरू होणार. सूप परवडलं.

डॉक्टरीणबाई औषध लिहीत म्हणाल्या, "आणि एक ध्यानात ठेवा. मध्येच रक्त गेलं, डाग दिसले, तर मागचा रिपोर्ट चांगला होता म्हणून घरी बसायचं नाही. चांगल्या रिपोर्टातूनही कधीकधी निसटतं."

 थोरलीच्या डोळ्यांसमोर ती उसवलेली काख आली.

"म्हणजे... आमच्या कामावर एक बाई आहे," ती म्हणाली. "तिची पाळी गेली आहे. रिपोर्ट स्वच्छ. पण तिला... तर तिने काय करावं?"

"लगेच यावं. आजच्या आज."

"सांगते तिला," म्हणत थोरली उठली.

धाकटी उठली नाही. डोळे पुसत तिने जावेकडे पाहिलं. "ताई, ती बाई आपले कपडे सगळ्यांच्या आधी उठून वेगळे भिजवते का हो?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मला वाटलं, माझा विटाळ मानता की काय. आठवडाभर रुसले होते मी तुमच्यावर मनातल्या मनात." धाकटीने हात पुढे केला, थोरलीच्या बाहीवरचा एक लाल बाण नखाने सोडवला आणि तिच्याच कमरेवर चिकटवला. "हं. लागला बाण. आता सगळे बघतील. चला आत."

थोरलीला हसू आलं, आणि हसता हसता तिने पर्स धाकटीच्या मांडीवर ठेवली. ती पडद्याआड गेली.

धाकटीपेक्षा तिला आत कितीतरी जास्त वेळ लागला. डॉक्टरीणबाई या वेळी हसत नव्हत्या, पण आवाज मऊ होता. "एक जागा मला आवडलेली नाही. बारीकसा तुकडा तपासायला पाठवतेय. काय आहे ते आत्ता नाही सांगता येणार. पण दिसतंय ते लहान आहे. बहुधा वेळेत आलात. आणखी वर्षभर थांबला असतात, तर मला हे म्हणता आलं नसतं."

बाहेर बाकावर दोघी टेकल्या. धाकटीने घरी फोन लावला. "आई, माझं काही नाही, मी ठणठणीत आहे. पण ताईंचं बघावं लागणार आहे... हो, आपल्या ताईंचं. नाही, त्या स्वयंपाक करणार नाहीत. आज नाही, उद्याही नाही." तिकडून सासूबाईंचा आवाज चढला, मग चिरकला, मग पार बारीक झाला.

धाकटीने फोन ठेवला. थोरली आपल्या कमरेवरच्या बाणाकडे बघत होती. तिने आपला हात धाकटीच्या हातात दिला.

"काय म्हणाल्या?"

"रडल्या. मग विचारलं, थोरली सूप पिते का? त्यांना माहीतच नाही हो तुम्हाला काय आवडतं."

थोरलीने नाक पुसलं. "तुझ्या सूपमध्ये लोणी घातलं होतं त्यांनी. मी पाहिलंय. सांग त्यांना, माझ्यातही घाला म्हणावं. तुझ्याइतकंच."

"जास्त घालायला सांगते," धाकटी म्हणाली, आणि पुन्हा फोन लावायला लागली.