टोपाचा जोड

"जावयाने सासरी यावं, चहा प्यावा, सासूचं कौतुक करावं. हा आला की हातोडा मागतो," भिमाबाई लेकीला म्हणाल्या. "आपणच जोडायचं नि आपणच मोडायचं. शालन, तुझा नवरा बरा आहे ना गं?"

शालन हसली. अंगणात धुण्याच्या दगडावर बबन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठोकत होता. उल्हासनगरच्या वर्कशॉपात स्वतःच वेल्डिंग करून आणलेल्या, जोड टिकतो का ते बघायला.

घोर सगळा वस्तीच्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या टोपाचा होता. बूड तडकलेले. गेल्या जयंतीला दुसऱ्याच कुणी मारलेला जोड ऐन उकळीला सुटला नि खीर चुलीत गेली. टोप भिमाबाईंच्या ताब्यातला, म्हणून शेजारच्या रखमाबाईने वर्षभर त्यांना दारात गाठून विचारले, "भिमे, खीर झाली का गं?" यंदा तर बाबासाहेबांची शंभरावी जयंती.

"मामी, हे ॲल्युमिनियम लई लबाड," बबन म्हणाला. "लोखंड लाल होऊन सांगतं तरी. हे गुपचूप वितळतं. करंट वाढवला की भोक, कमी केला की जोड नुसता वर बसतो."

"मग मधला ठेवा. त्यात काय एवढं?"

"मधला ठेवूनच हे तुटलंय." त्याने तुकडे उन्हात धरले. "सगळे जोडाच्या सुरवातीलाच तुटलेत बघा. तिथं पत्रा गार असतो. सुरवातीला करंट जास्त पायजे, तापला की उतरवायचा."

दुसऱ्या दिवशीची पट्टी दुमडली, पण जोड सुटला नाही. मग बबनने टोपाची तड तारेच्या ब्रशने चकचकीत घासली.

"असं माझ्या सुनेनं कधी घासलं नाही," भिमाबाई सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

टोप वर्कशॉपात नेऊन बबनने जोड मारून आणला. जयंतीला भिमाबाई चुलीपासून हलल्या नाहीत. खीर रटरटली, चुलीत थेंब पडला नाही. रखमाबाई दुसरी वाटी मुकाट्याने घेऊन गेली.

रिकामा टोप उचलताना मात्र वस्तीतल्या दोघा पोरांच्या हातून निसटला आणि फरशीवर दणकन आदळला. बबनचा चेहरा उतरला. भिमाबाईंनी टोप पालथा घालायला लावला. काठ चेपला होता, एक कान निखळला होता. त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पदराने हात पुसला.

"जावईबापू," त्या चारचौघांत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जोड हाच ठेवा. टोप नवा आणा."