न दाबलेलं बटण

लेकीनं या रविवारी टॅबवरचं ‘चष्मा’चं बटण काढून टाकलं आणि टॅब पुन्हा बाबांच्या मांडीवर ठेवला. उरलेल्या चित्रांना जरा ऐसपैस जागा मिळाली. पाणी, दिवा, दुखतंय, आणि तिचा स्वतःचा फोटो.

बाबांचे शब्द हरवायला लागले तेव्हा तिनं हे, चित्र दाबलं की बोलणारं ॲप बनवायला घेतलं. रीत ऑफिसातलीच. एकदम डोंगर उभा करायचा नाही. थोडं बनवायचं, माणसाच्या हाती द्यायचं, बघायचं, सुधारायचं. जे कुणी वापरत नाही, ते माया न दाखवता काढायचं. ऑफिसात ॲप दर खेपेला वाढायचं. इथे दर खेपेला आटत चाललं होतं. पेपर गेला, फिरणं गेलं, आत्याचा फोटोही गेला.

“तिला कळलं तर फुगून बसेल हं,” तेव्हा आई म्हणाली होती.

“ती फुगलेलीच असते.”

लेकीचा फोटो दाबला की तिचाच आवाज यायचा, “आले हं, बाबा!” पूर्वी ते दाबून दाराकडे बघत बसायचे. आज त्यांनी पाणी दाबलं, दिवा दाबला. फोटोवरून बोट नुसतंच फिरलं, धूळ पुसावी तसं.

“एरवी दाबतात गं,” आई घाईनं म्हणाली. “आज तू समोरच आहेस, मग कशाला दाबतील?”

लेक कप विसळायला उठली. नळ बंद केला तोच बाहेरून आवाज आला, “आले हं, बाबा!”

ओल्या हातांनीच ती धावली. बाबा खुर्चीत झोपले होते. टॅब आईच्या हातात होता.

“बिघडलंय का बघत होते,” आई म्हणाली. मग काचेवरचा नसलेला डाग पुसत, “कुणी दाबलं नाही तर काढशील ना? नियम तुझाच.”

“म्हणजे रोज तूच दाबतेस?”

“मी जेवायला बसले की. घर फार गप्प असतं गं.”

लेक टॅब घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं. आतून बराच वेळ तिचं एकच काहीतरी पुन्हापुन्हा म्हणणं ऐकू येत राहिलं.

निघताना तिनं टॅब आईच्या हाती दिला. पहिल्यांदाच एक बटण वाढलं होतं. खालच्या कोपऱ्यात, आईचा अंगठा सहज पोचेल असं.

लेकीची पावलं जिन्यात विरेपर्यंत आईनं धीर धरला. मग दाबलं.

“आई, जेवलीस का?”

“बसतेच आहे,” आई म्हणाली आणि ताट घ्यायला उठली.