भांड्यांवर नावं टाकून मिळतील

अंजनीताईंचं पत्र आषाढात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही. त्या दिवसांत माझ्याकडे वेळाशिवाय दुसरं काही नव्हतं.

अंबरनाथ पश्चिमेला शंकररावांच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी माझं टेबल आहे. कोणी डबा, तांब्या, ताट घेतलं की मी विजेच्या सुईने त्यावर नाव टाकून देतो. एकतीस वर्षं हेच. पण आता लोक भांडी मॉलमधून आणतात. शंकररावांनी पावसाळ्यातच सांगून टाकलं होतं, "सुदामराव, दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर ती जागा मोबाईल रिचार्जवाल्याला देतो. तो निदान गिऱ्हाइकाशी बोलतो तरी."

खरं होतं. गिऱ्हाईक नसलं की मी पुस्तक वाचतो, आणि आलं तरी पान संपवूनच मान वर करतो.

अंजनीताई बदलापूरच्या. उल्हासनगरच्या एका भांड्यांच्या दुकानात अठरा वर्षं काउंटरवर होत्या, ते दुकान बंद पडलं. त्यांनी लिहिलं होतं, "तुम्ही फोनवर बोलत नाही म्हणून पत्र लिहिते. तुम्ही टाकलेली नावं मी पाहिली आहेत. मी घरोघरी फिरून ऑर्डरी आणते, तुम्ही नावं टाका." पुढे आणखी दोन पानं होती. ती मी वाचली नाहीत. ही बाई माझी कला पापडासारखी दारोदार विकणार, एवढंच मनात आलं आणि पत्र पुस्तकात ठेवून दिलं. कला म्हणे. जन्मभर 'सप्रेम भेट' खरडणाऱ्याने हा शब्द वापरावा.

त्याऐवजी मी सनीला गाठलं. त्याचं ऑफिस विठ्ठलवाडीला, म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानात प्लायवूडमागे. पाटीवर 'मार्केटिंग सोल्युशन्स'.

"अंकल, तुमचा टार्गेट कस्टमर कोण?"

"ज्याच्याकडे भांडं आहे तो."

"म्हणजे सगळेच?"

"हो."

"ये तो बहुत बडा मार्केट है," असं म्हणून त्याने ते वहीत लिहून घेतलं.

मी तिथेच उठायला हवं होतं. पण त्याने टाय घातला होता, आणि टायसमोर माझी जीभ लहानपणापासून आत जाते.

त्याने गुळगुळीत कागदावर जाहिरात छापली. वर एक गोरी बाई काचेच्या ग्लासाकडे बघून हसते आहे. खाली 'आपल्या भावनांना आम्ही आकार देतो', आणि त्याखाली 'फक्त पंधरा दिवस, नव्या भांड्यावर नाव फुकट'. गणपती गेले, पौर्णिमा झाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चार हजार कागद गावभरच्या वर्तमानपत्रांत शिरले.

कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची भाजीवाली चांगुणाबाई तो कागद घेऊन आली. त्यावर तिने मिरच्या मांडल्या होत्या.

"आजोबा, हे तुमचं का?"

"हो."

"पितर बसलेत. या पंधरवड्यात नवं भांडं कोण घरात आणतं? कोणत्या शहाण्याने सांगितलं तुम्हाला?"

आमच्या घरी हे सगळं छप्पन साली दीक्षेबरोबर सोडलं. मी तेव्हा लहान होतो. पितर घरातून गेले, तसे माझ्या कॅलेंडरातूनही गेले, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण दर भाद्रपदात पंधरा दिवस मी पायरीवर रिकामा बसत आलो. एकतीस वर्षं ते दिवस मी निवांत वाचनात घालवले. गिऱ्हाईक का येत नाही, असा प्रश्न एकदाही पडला नाही. आपण जे मानत नाही ते समोरचाही मानत नसेल, असं धरून चालणाऱ्या माणसाने दुकानदारी करू नये.

सनीला बोलावलं. तो म्हणाला, "अंकल, हा ऑफ-सीझन आहे. ऑफ-सीझन में ही ब्रँड बनता है."

"तुझ्या घरी या दिवसांत कोणी भांडं घेईल?"

"मम्मी मारेगी," तो हसून म्हणाला, आणि वेबसाईट काढू या म्हणाला.

तो गेल्यावर मी अंजनीताईंची ती दोन पानं वाचली. पितृपंधरवड्यात कोणाच्या दारात जायचं नाही. घटस्थापनेपासून फिरायचं. बारशाचे चमचे-वाट्या बायका बारसं ठरलं की घेतात. संक्रांतीच्या वाणाची भांडी दिवाळीतच ठरवून ठेवायची, त्यावर नावं असली तर एकेक बाई पन्नास घेते. कुठल्या सोसायटीत कोणाला आधी भेटायचं, तेही लिहिलं होतं. सनीच्या प्लायवूडमागे नव्हती एवढी अक्कल वहीच्या फाडलेल्या पानांवर होती, आणि ती दोन-अडीच महिने मी खूण म्हणून वापरली.

उत्तर न देण्याचं खरं कारण वेगळंच होतं, तेही सांगून टाकतो. या बाईने खरोखरच ढिगाने भांडी आणली तर माझा हात टिकेल का, याची मला भीती वाटली होती. सनीकडून तसला धोका नव्हता.

"पत्र लिहिताय?" शंकररावांनी गल्ल्यावरून विचारलं. "अहो, बाई बदलापूरला आहे, बर्मात नाही. फोन करा."

"बघतो," मी म्हणालो आणि चौथा कागद घेतला. आधीच्या तिन्हींत मी फार शहाणा दिसत होतो.

"अंजनीताई, उशिराबद्दल माफी. तुमचं पत्र मी आजवर पुरतं वाचलं नव्हतं. घटस्थापनेला या. दुसरी खुर्ची ठेवतो. गिऱ्हाइकाशी तुम्ही बोला. तासाभराने माझा हात थरथरतो, म्हणून दिवसाला वीस भांड्यांच्या वर कबूल करू नका. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर ही जागा जाईल, हेही आधीच सांगतो. सुदाम."

स्टेशनजवळच्या पेटीशी जाऊन मी वेळ पाहिली. दुपारची डाक अजून निघायची होती. पाकीट आत सरकवलं.